सर्वांत लांबून चालवत आलेला

हार्लोच्या जत्रेच्या मैदानात दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि संध्याकाळी बक्षिसं वाटली जातात. उत्तम रंगाचं, उत्तम इंजिनाचं, लोकांच्या पसंतीचं, अशी बक्षिसं पुष्कळ असतात. पण आमच्याकडच्या माणसांचा जीव अडकलेला असतो तो एकाच बक्षिसात: सर्वांत लांबून गाडी चालवत आणणाऱ्याच्या. रंग काय, कुणीही चांगल्या माणसाकडून मारून घेऊ शकतो. पण पन्नास वर्षांपूर्वीची गाडी, तिचं ते तापट इंजिन आणि दगडासारखा क्लच घेऊन भर उन्हात महामार्गावरून शंभर मैल यायचं म्हणजे गाडीतही दम लागतो आणि माणसातही. यंदा ते बक्षीस फ्लिंटच्या व्हर्लिन स्टँपरला मिळालं. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला एक जुना पिस्टन, घासूनपुसून चकचकीत केलेला. टाळ्या खूप वेळ चालल्या होत्या.

तो पिस्टन आता व्हर्लिनच्या शेजारच्या सीटवर पडला होता आणि व्हर्लिन त्याच्याकडे बघायचं टाळत होता. कारण त्याची १९७० सालची ब्यूक उभी होती एका बंद ट्रेलरच्या पोटात. ट्रेलर उभा होता गुरांच्या गोठ्यांमागे, मक्याच्या शेताकडे पाठ करून, कुणाच्या नजरेस पडू नये असा. आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा, कमरेत नवा सांधा बसवलेला, पोटाने चांगला सुखवस्तू व्हर्लिन त्या गाडीत अडकून बसला होता.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं, म्हणजे त्याची दया यायची की हसू, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ट्रेलरवर चढून येणाऱ्या गाडीला आमच्याकडे पालखीतली राणी म्हणतात, आणि हे नाव वापरण्यात व्हर्लिनचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कुणी ट्रेलरमधून गाडी उतरवताना दिसला की हा हातात कॉफीचा पेला घेऊन जायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "राणीसाहेबांचा प्रवास सुखाचा झाला ना? ऊन नाही ना लागलं?" एका दातांच्या डॉक्टरने तर त्याच्या जाचाला कंटाळून मेळ्याला येणंच सोडलं. गाडी चालवण्यासाठी असते, असं व्हर्लिन म्हणे. ज्या कारखान्यात ती तयार झाली त्याच कारखान्यात तो गाड्यांना दारं बसवायचं काम करत होता. विशीत असताना, पहिल्या वर्षाच्या पगारावर त्याने ती नवी कोरी घेतली, आणि ऊन, पाऊस, बर्फावरचं मीठ, सगळं तिला खाऊ घातलं. हार्लोचा मेळा त्याने कधी चुकवला नव्हता, आणि तिथे कधी चाकांशिवाय दुसऱ्या कशावर बसून आला नव्हता.

मग गेल्या हिवाळ्यात कंबर गेली. नवा सांधा बसवला, डॉक्टर खूश झाले, पण डावा पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. एप्रिलमध्ये बायकोला, नादीनला, बाजूला बसवून तो बाजारात निघाला, आणि चौकात लाल दिवा लागल्यावर त्या पायात असा गोळा आला की क्लच दाबलाच गेला नाही. गाडी तशीच चौकातून पलीकडे गेली. एक दुधाची गाडी त्यांच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. नादीन वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्याला समोर बसवलं.

"विक असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तू माझं ऐकणार नाहीस आणि वर वर्षभर तोंड पाडून बसशील. पण एक कबूल कर. ज्या दिवशी तुला त्या गाडीतून दुसऱ्याच्या आधाराशिवाय उतरता येणार नाही, त्या दिवशी ती विकायची. ज्याला उतरता येत नाही त्याने चालवू नये. एवढं तरी पटतंय?"

पटत होतं, हीच तर अडचण होती. व्हर्लिनने शब्द दिला. माणूस तसा शब्दाचा पक्का. ट्रेलरच्या भानगडीत पडला तो शब्द मोडायला नव्हे, शब्दाला हात न लावता बाजूने कसं जाता येईल ते बघायला. जुलैमध्ये त्याने गुपचूप लांबवर चालवून पाहिलं. अर्ध्या वाटेत पाय थरथरायला लागला आणि तो रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागी बराच वेळ बसून परत फिरला. मग त्याने दुसऱ्या गावातून, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, एक ट्रेलर भाड्याने आणला. नादीन शुक्रवारीच हार्लोजवळ राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे, ओपलकडे गेली होती. शनिवारी सकाळी व्हर्लिनने विंचच्या, म्हणजे ट्रेलरमधल्या बॅटरीवरच्या रहाटाच्या, दोराने गाडी ट्रेलरमध्ये ओढून घेतली, ट्रेलर आपल्या पिकअपला जोडला आणि निघाला. हार्लोला गोठ्यांमागे विंच सैल सोडून गाडी हळूच खाली उतरवली, आणि शेवटचा अर्धा मैल ती चालवत, फाटकातून मोठ्या आवाजात गुरगुरवत, हात हलवत आत शिरला. बक्षीस वगैरे त्याच्या मनातही नव्हतं. त्याला फक्त चेष्टा नको होती.

पण वॉल्ट बुर्झिक, जो आमचा मेळा चालवतो आणि ज्याला ध्वनिवर्धकाची मुळीच गरज नाही, त्याने तो हातात घेतला आणि व्हर्लिनचं नाव पुकारलं. नव्या कमरेचा उल्लेख केला. सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. त्या वेळी काय बोलायचं असतं? 'मंडळी, जरा थांबा' असं म्हणायला जेवढं धैर्य लागतं तेवढं व्हर्लिनपाशी त्या क्षणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी फार थोड्यांपाशी असेल.

मेळा संपल्यावर त्याला घाई झाली. लोक गाड्या बाहेर काढायला लागले होते. कुणी मागच्या वाटेने आलं तर संपलंच. तो ब्यूक घेऊन गोठ्यांमागे आला, खाली न उतरताच हात बाहेर काढून ट्रेलरच्या दारापाशी लोंबणारं विंचचं बटण दाबलं, आणि विंच नुसतंच कुंथलं. सकाळी तो ते चालू ठेवूनच गेला होता. बॅटरी संपली होती.

मग त्याने तेच केलं जे विशीत असताना शर्यतीच्या पट्टीवर दुसऱ्यांच्या गाड्या ट्रेलरमध्ये घालताना शेकडो वेळा केलं होतं. गाडी रॅम्पवरून सरळ आत घातली, थांबवली, बंद केली. आता खिडकीतून बाहेर निघायचं. त्या काळच्या दोन दारांच्या गाड्यांची दारं लांबलचक असतात. ट्रेलरमध्ये ती हातभर काय, वीतभरही धड उघडत नाहीत. हे व्हर्लिनला ठाऊक नव्हतं असं नाही. आयुष्यभर त्याने दुसरं काय बसवलं होतं? काही ट्रेलरांना बरोबर त्या जागी बाजूने उतरायला झडप असते. स्वस्तातल्या ट्रेलरना नसते, आणि हा स्वस्तातला होता.

त्याने काच खाली केली, सीट मागे सरकवली, डोकं आणि खांदे बाहेर काढले आणि छत धरून स्वतःला वर ओढलं. पोटापर्यंत आलं. पुढे येईना. समोर नाकाला टेकेल अशी पत्र्याची भिंत, पाठीला छताची कड, आणि पोट खिडकीच्या कडेवर बसलेलं, जसं बाटलीच्या तोंडात बूच बसावं. डावा पाय जवळ घ्यावा तर नवा सांधा नाही म्हणाला. थोडा वेळ तो तसाच अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहिला. मागे जायलाही श्वास सोडावा लागतो आणि सोडलेला श्वास परत घ्यायला जागा लागते, हे त्याला त्या वयात नव्याने कळलं. शेवटी तो कसाबसा मागे घसरला, सीटवर आदळला, आणि कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढचं सगळं पांढरं झालं.

मग त्याने सरळ उपाय केला. गाडी चालू करून मागे घ्यायची आणि मोकळ्यावर उतरायचं. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. हेही त्याचंच कर्तृत्व. इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या मूळच्या नळ्या काढून त्याने हौसेने जाड, आवाजी नळ्या बसवल्या होत्या, आणि त्या स्टार्टरला खेटून जात होत्या. गाडी उन्हात तापून बंद केली की स्टार्टर निवेपर्यंत हूं की चूं करत नसे. नादीन त्याला 'व्हर्लिनची भर' म्हणायची. बाहेरच्या फाटकापाशी रांगेत तो चांगला वीस मिनिटं रांगत आला होता, म्हणजे तास तरी जाणार. ब्रेक सोडून बघितला, पण पिकअपची मागची बाजू बसकी, त्यामुळे ट्रेलर पुढे झुकलेला. गाडी मागे सरकण्याऐवजी पुढच्या भिंतीला जाऊन टेकली.

तेव्हा तो खरोखर घाबरला. ट्रेलरचा पत्रा दिवसभर तापला होता. आत पेट्रोलचा आणि गरम रबराचा वास कोंडला होता. मागच्या आरशात उघड्या दाराएवढा उजेडाचा चौकोन, त्यात मक्याची हिरवी रांग. इतकं जवळ सगळं. शर्टाच्या खिशात फोन होता. वॉल्टला लावला असता तर दोन मिनिटांत चार माणसं येऊन गाडी मागे ओढली असती, आणि मग ती चार माणसं मरेपर्यंत तेवढंच सांगत राहिली असती. नादीनला लावला असता तर ती काहीच बोलली नसती. ते त्याहून वाईट होतं. फोन हातात घेऊन त्याने परत खिशात ठेवला. अडकलेला माणूस मदत मागायला घाबरत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अडकून बघावं.

घाम गळ्यातून शर्टात उतरत होता. तो सीटवर तिरका झाला, डावा पाय चोळला. पाय आपला नसल्यासारखा वाटत होता. एवढ्यात ट्रेलरच्या पत्र्यापलीकडून पावलं वाजली. मग वॉल्टचा आवाज. पुरुषांच्या संडासापुढे रांग असली की आमची मंडळी गोठ्यांमागे येतात.

"हा ट्रेलर कुणाचा रे?"

"असेल कुणा बड्या असामीचा," दुसरा म्हणाला. तो लेनी होता, वॉल्टचा मेव्हणा. "गाडीला मच्छर चावतील म्हणून झाकून आणली असेल."

"व्हर्लिनच्या नजरेस पडला असता तर आज त्याचं काही खरं नव्हतं."

दोघं हसले. व्हर्लिन खाली सरकला. हनुवटी स्टिअरिंगच्या खाली गेली आणि कमरेने पुन्हा एकदा त्याला त्याचं वय सांगितलं.

"पण मानलं हं त्या म्हाताऱ्याला," वॉल्ट म्हणाला. "तो क्लच मी एकदा दाबून पाहिलाय, गाडी उभी असताना. दोन दिवस गुडघा बोलत होता माझा. आणि हा नवी कंबर घेऊन फ्लिंटहून आला. मी बायकोला म्हटलं, बघ, माणूस असा पाहिजे."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, मग त्याच्याशीच संसार कर, आणि मला ओपलसारखं तळ्याकाठी वेगळं घर बघ."

"निघाला का तो?"

"केव्हाच. उजेडात घर गाठायचं म्हणाला. आता महामार्गाला लागला असेल."

हातभर अंतरावर महामार्गाला लागलेला व्हर्लिन श्वास रोखून बसला होता. पत्र्यावर बोटाने टकटक केलं असतं तरी पुरे होतं. त्याने बोट उचललंही. पण आत्ताच ऐकलेली स्तुती कानात होती, आणि ती तोंडाने परत करणं सोपं नसतं. पावलं दूर गेली. त्याने बोट खाली घेतलं आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की डोळे भरून आले. हे घामामुळे झालं असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि तेच सोसवत नव्हतं. तो अधूनमधून किल्ली फिरवायचा. टक. गाड्यांचे आवाज एक एक करून रस्त्याकडे जात होते. प्रत्येक आवाज त्याला ओळखू येत होता, कुणाची कुठली. तहान लागली होती. मनात विचार आला की आपण इथेच मेलो तर उद्या ट्रेलर परत न आल्यामुळे तो भाड्याने देणारा माणूस शोधत येईल. मग त्याला वाटलं, निदान ट्रेलरमध्ये सापडलो नसतो तर बरं झालं असतं. मरणाच्या विचारातही त्याला वॉल्टचा चेहरा दिसत होता.

फोन वाजला. नादीन.

"कुठे आहेस?"

"निघतोय," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

"मी मैदानातच आहे. ओपलने सोडलं मला. बक्षिसाच्या वेळी मागे उभी होते, तुला दिसले नाही. तुझ्याशी बोलायचं होतं, पण गाडी दिसत नाहीये." फोनमध्ये तिची पावलं थांबली. "व्हर्लिन, गोठ्यांच्या मागे आपल्या पिकअपसारखी पिकअप उभी आहे."

त्याने पुन्हा किल्ली फिरवली. टक.

"तिच्यावर आपल्या चर्चचं स्टिकर आहे," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

गवतातून येणारी तिची पावलं त्याने ऐकली. आरशातल्या उजेडाच्या चौकोनात ती आली. बारीक, ताठ, डोक्यावर उन्हाची टोपी, हातात पर्स. तिने ट्रेलरकडे पाहिलं. गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहिलं. मग आरशातून सरळ त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"सर्वांत लांबून चालवत आलेला," ती म्हणाली.

"नादीन."

"राणीसाहेबांना ऊन नाही ना लागलं?"

आणि ती रॅम्पवर बसली आणि हसायला लागली. टोपी काढून हसली, डोळे पुसून परत हसली. व्हर्लिनला इतक्या वर्षांच्या संसारात ती अशी हसलेली फारशी आठवत नव्हती. त्यालाही हसू आलं असतं, पण हसलं की कंबर दुखत होती.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. आता आत का बसलायस?"

"सहज. जरा शांत वाटतंय."

"या भट्टीत?"

"दिवसभर गर्दी होती."

तिने मान डोलावली. तिचं हसू ओसरलं. हातातल्या टोपीची कड ती बोटांनी सरळ करत राहिली.

"मी तुला एक सांगायला आले होते," ती म्हणाली. "तू असा पाठमोरा आहेस तोवर सांगते, बरं पडेल. वॉल्ट तुझं नाव घेत होता तेव्हा मी मागे उभी होते. तुझा चेहरा बघितला. हिवाळ्यापासून मला वाटत होतं की दवाखान्यातून मी दुसऱ्याच कुणाला घरी घेऊन आले. आज तू परत दिसलास. मला वाटलं, मी कोण ह्या माणसाला अट घालणारी? तो चौक, ती दुधाची गाडी, मला अजून झोपेत दिसते. पण तरी. ती अट मी मागे घेते. ठेव तुझी गाडी. तुला वाटेल तोवर ठेव."

व्हर्लिनने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. एप्रिलपासून जे ऐकायला तो आसुसला होता ते असं ऐकू आलं, आणि तो आत बसून, भिंतीकडे तोंड करून ते ऐकत होता. त्याला वाटलं, ह्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं.

"मी चालवत आलो नाही पण," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला. चेहरा तर खरा होता ना. चल, ये बाहेर. मासे तळणारा अजून आहे तिकडे. मला भूक लागलीय."

"तू हो पुढे. मी आलोच."

नादीन उठली. एक पाऊल रॅम्पवर चढली. गाडीचं दार आणि ट्रेलरची भिंत यांच्यामधल्या फटीकडे तिने पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं, खिडकीच्या कडेत तुटून अडकलेल्या त्याच्या शर्टाच्या बटणाकडे पाहिलं. मग ती मागे सरली.

"मी लिंबू सरबत आणते," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "रांग असेल. वेळ लागेल मला."

ती मुद्दाम सावकाश गेली. त्याच्यासाठी ती जात होती हे त्याला कळलं, आणि कळल्याने त्याला आणखी कोंडल्यासारखं झालं. पत्र्याची भिंत एक वेळ परवडली. माणसाचा चांगुलपणा सगळीकडून येतो.

त्याने किल्ली फिरवली, आणि ह्या वेळी स्टार्टर फिरला. इंजिन एकदा खोकलं आणि मग त्या बंद ट्रेलरमध्ये असं गरजलं की त्याच्या छातीतली हाडं थरथरली. व्हर्लिनने ओठ दाबून डावा पाय क्लचवर नेला. पाय जात नव्हता, म्हणून हाताने उचलून ठेवला, आणि गुडघ्यावर हाताने जोर देऊन क्लच दाबला. गाडी मागे आली. रॅम्पवरून उतरली. गवतात आली. वर संध्याकाळचं मोठं मोकळं आकाश होतं आणि मक्यावरून वारा येत होता. त्याने गाडी बंद केली आणि दार उघडलं. पूर्ण उघडलं. ते लांबलचक दार शेवटपर्यंत गेलं आणि बिजागरीवर थांबलं. बाजूला भिंत नव्हती, काही नव्हतं.

त्याने डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला. मग उजवा. छताची कड धरली आणि उठला.

उठला नाही. पार्श्वभाग सीटवरून दोन बोटं वर आला आणि परत खाली बसला. त्याने थोडं थांबून परत जोर लावला. मग दाराच्या हँडलला धरून. मग दोन्ही हातांनी दाराच्या चौकटीला धरून, तोंडाने आवाज करत. पाय गवतात होते, पण त्यांच्यात कुणी नव्हतं. सगळीकडे जागाच जागा होती, आणि तो होता तिथेच होता. तेव्हा त्याला कळलं की ट्रेलरला उगाच दोष दिला. विंचला, स्टार्टरला, पिकअपच्या बसक्या पाठीला, सगळ्यांना उगाच.

त्याला सकाळचं आठवलं. सकाळी मैदानात तो उतरला तेव्हा लेनी दारापाशी उभा होता, आणि ह्याने 'काय लेकाच्या' म्हणत त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. दुपारी परत, तेव्हा वॉल्ट होता. गळामिठीच मारली होती त्याला. गेले कित्येक महिने तो असाच उतरत होता. मित्रांवरचं प्रेम त्याला अचानक फार आलं होतं, आणि ते नेहमी गाडीतून उतरतानाच यायचं.

नादीन दोन पेले घेऊन परत आली तेव्हा तो तसाच बसला होता, पाय बाहेर, हात मांडीवर. ती घाईने पुढे झाली नाही. पेले गाडीच्या टपावर ठेवले. एरवी त्या टपावर पेला ठेवणाऱ्याला व्हर्लिनने सोडलं नसतं.

"नादीन," तो म्हणाला, "मला उठव."

दवाखान्यात शिकवलं होतं तसं तिने त्याच्या काखेखाली हात घातले, पाय त्याच्या पायांपुढे रोवले, आणि दोघं मिळून एकदाचे उभे राहिले. तो तिच्यावर रेलला. तिच्या केसांना ओपलच्या घरच्या तळणाचा वास येत होता. बराच वेळ दोघं तसेच उभे होते, आणि लांबून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी नाचतायत.

"तासभर अडकून बसलास," ती त्याच्या खांद्यात म्हणाली. "कुणाचाही पाय बधिर होईल. आणि अट तर मी मघाशीच सोडली. कुणी बघितलं नाही, व्हर्लिन."

"मी बघितलं ना," तो म्हणाला.

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग आत वाकून, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, शेजारच्या सीटवरचा तो पिस्टन उचलला आणि तिच्या पर्सवर ठेवला.

"हा वॉल्टला नेऊन दे. काय ते सांग. मला नाही सांगता येणार, पण तू सांगताना मी शेजारी उभा राहीन. आणि सोमवारी गाडीच्या काचेवर पाटी लावतो."

"व्हर्लिन, इतकं आजच ठरवायला पाहिजे असं नाही."

"आजच पाहिजे. उद्या मी दुसरं काहीतरी शोधून काढेन. मला मी ओळखतो."

नादीनने पिस्टन हातात तोलून पाहिला. मग ट्रेलरकडे पाहिलं.

"आणि ही आत कोण घालणार? वॉल्टला बोलावू?"

व्हर्लिनने किल्ली तिच्यापुढे धरली. इतक्या वर्षांत त्या स्टिअरिंगमागे बसून दुसरं कुणी रस्त्यावर गेलेलं नव्हतं. भाऊ नाही, मुलगी नाही, ही तर नाहीच. तिने किल्लीकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग वाद घातला नाही.

"बाबांच्या शेतावरचा ट्रक मी बाराव्या वर्षी चालवायचे," ती म्हणाली. "तुझ्या ह्या क्लचचं कौतुक तुलाच. पण आत जाऊन मीही अडकले तर?"

"तू खिडकीतून निघशील."

"निघेन," ती म्हणाली. "माझी कंबर अजून माझं ऐकते." तिने चपला काढून गवतात ठेवल्या आणि आत बसली. सीट पुढे घेतली, खूप पुढे. इंजिन मघाशी मिनिटभरच चाललं होतं, स्टार्टर तापला नव्हता. पहिल्याच फेरीत इंजिन पेटलं.

व्हर्लिन पिकअपच्या मागच्या फळीला टेकून उभा राहणार होता, पण दोन पावलं टाकून ट्रेलरच्या कडेलाच थांबला. नादीनने गाडी थोडी पुढे घेतली, चाकं सरळ केली. मग तिने पाय दाबला आणि ब्यूक त्याच्या शेजारून रॅम्पकडे निघाली, आणि तो आवाज आला.

हा आवाज त्याला आयुष्यभर माहीत होता. पण तो आतून. पायाखालून आणि पाठीतून येणारा. बाहेर उभं राहून, ती समोरून जात असताना, त्याने तो कधी ऐकला नव्हता. कसा ऐकणार? तीस वर्षं वॉल्ट सांगायचा, लेनी सांगायचा, फाटकापाशी उभी राहणारी माणसं सांगायची की तुझी गाडी आली की पोटात कसंसं होतं, आणि तो मान डोलवायचा, आपल्याला कळलं असं समजून. खाली, खोल, दूर कुठेतरी ढग सरकावेत तसा तो आवाज गवतातून त्याच्या पायांत आला, आणि त्या मेलेल्या डाव्या पायातही आला. हे त्यांना ऐकू येत होतं तर. इतकी वर्षं सगळ्यांना ऐकू येत होतं, एक आपण सोडून.

गाडी रॅम्प चढली आणि अलगद आत जाऊन थांबली.

"बंद करू नकोस," व्हर्लिन म्हणाला. "नादीन, जरा थांब. एवढ्यात बंद करू नकोस."

पण इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नाही, आणि तिने किल्ली फिरवली.